तिला धावण्याचा पाय हवा आहे : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये धावण्याच्या शर्यतींत भारताला चार कांस्यपदके मिळाली आणि ती सगळी तीन मुलींनी आणली. प्रीती पालने 100 आणि 200 मीटरमध्ये, दीप्ती जीवनजीने 400 मध्ये, सिमरन शर्माने 200 मध्ये. ऊर भरून आला. पण प्रीतीचा गट सेरेब्रल पाल्सीचा, दीप्तीचा बौद्धिक अक्षमतेचा, सिमरनचा दृष्टिदोषाचा. कृत्रिम पायावर धावणारी त्यांत कुणी नव्हती.

इटलीच्या आम्ब्रा साबातिनीचा पाय 2019 मध्ये दुचाकीच्या अपघातात गुडघ्याच्या वरून गेला. 2021 मध्ये टोकियोत तिने टी63 गटाची, म्हणजे गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्यांची, 100 मीटर शर्यत 14.11 सेकंदांत, जागतिक विक्रमासह जिंकली. रौप्य आणि कांस्यही इटलीच्याच मुलींना. साबातिनी आधीपासून धावायची, हे खरे. तरीही अपघातानंतर अवघ्या दोन वर्षांत सुवर्णपदक केवळ जिद्दीवर मिळत नाही. कुणीतरी तिच्या पायाला धावण्यासाठीचे ब्लेड बसवले, कुणीतरी तिला ट्रॅक दिला.

ठाण्यात पाय का जातात, हे आपल्याला सांगायला नको. दिवा-मुंब्र्याची लोकल आहे, घोडबंदर रोडवरचे ट्रक आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीचा पाय गुडघ्याखालून गेला. शाळेच्या रिलेत शेवटचा टप्पा नेहमी तिचा असायचा. शिबिरात तिला मोफत पाय मिळाला आणि तो चांगला आहे. ती जिने चढते, लोकल पकडते. त्या पायावर वेगात धावता मात्र येत नाही, कारण तो चालण्यासाठीच बनवलेला असतो. धावायला कार्बन फायबरचे वाकवलेले ब्लेड लागते. पाऊल पडताच ते दाबले जाते आणि उसळून पुढे ढकलते. रिक्षा चालवणाऱ्या बापाने ते कुठून आणायचे?

यातून वाट आहे, साहेब. उरलेला पाय ज्यात बसतो ते सॉकेट प्रत्येकीच्या मापाचेच करावे लागते आणि पायाचा आकार बदलला की नवे लागते. ब्लेड मात्र धावणारीच्या वजनानुसार निवडतात. मुलीचे वजन वाढले की तिचे ब्लेड दुसरीच्या कामी येते. म्हणून ठाणे जिल्हा क्रीडा कार्यालयात वेगवेगळ्या वजनांच्या ब्लेडची पेढी उघडावी आणि सॉकेट करणारा तंत्रज्ञ नेमावा. सकाळी ठरलेल्या वेळी सिंथेटिक ट्रॅकच्या दोन लेन या मुलींसाठी राखून ठेवाव्यात. ट्रॅकशेजारी आडोशाची खोलीही हवी. आपल्या दमट हवेत घामाने लायनर, म्हणजे सॉकेटच्या आत उरलेल्या पायावर चढवायचे मऊ आवरण, घसरतो. तो काढून, पुसून पुन्हा चढवावा लागतो. वयात आलेल्या मुलीने हे मैदानाच्या कडेला, सगळ्यांच्या नजरेसमोर करायचे का?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 30 ने खेळातल्या सहभागाची जबाबदारी शासनावरच टाकली आहे. येत्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, ही विनंती. जिल्ह्यातल्या मुलींना शोधून मापे घेण्यासाठी एकत्र आणायचे काम मी आणि माझे जुने सहकारी विनामोबदला करू. तारीख आपण कळवावी.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, कळवा, ठाणे