नाताळच्या नाटकातून संपाचा प्रवेश वगळू नये

महोदय,

लंडनच्या एका उपनगरातील हौशी नाट्यसंस्थेत मी अनेक वर्षे वेशभूषेचे काम पाहते. नाताळच्या सुट्टीत मुलाबाळांसह येणाऱ्या प्रेक्षकांसाठी आमची संस्था दरवर्षी एक नाटक बसवते आणि यंदा तिने इंग्लंडमधील म्युझिक हॉलच्या कलावंतांवरचे नाटक निवडले आहे. संहितेच्या पहिल्या वाचनानंतर त्यातील दोन प्रवेश गाळावेत अशी सूचना पुढे आली. एक प्रवेश १९०७ च्या संपाचा आहे, दुसरा मारी लॉइड या गायिकेच्या अखेरच्या प्रयोगाचा. सुट्टीत लोक हसायला येतात, त्यांच्यापुढे दुःख कशाला मांडायचे, असे कारण देण्यात आले. मला ते पटलेले नाही. ज्या महाराष्ट्राने तमाशा कलावंतांच्या हालअपेष्टा जवळून पाहिल्या आहेत, तेथील वाचकांना हा वाद परका वाटणार नाही, या विश्वासाने हे पत्र लिहीत आहे.

म्युझिक हॉल म्हणजे नेमके काय, हे आधी सांगितले पाहिजे. चार्ल्स मॉर्टन याने १८५२ मध्ये लंडनच्या लँबेथ भागात आपल्या दारूच्या गुत्त्याला जोडून कँटरबरी हॉल उघडला आणि तेथून या प्रकाराला बहर आला. लोक टेबलाशी बसून खात-पीत असत, अध्यक्ष म्हणून बसलेला गृहस्थ हातोडी आपटून पुढच्या कलावंताचे नाव पुकारत असे आणि गाण्याचे ध्रुवपद आले की सगळा हॉल ते एका आवाजात म्हणत असे. आपल्या संगीत नाटकांत प्रेक्षक ‘वन्स मोअर’ची मागणी करत, येथे तर प्रेक्षक गाण्यातलाच एक आवाज होता. १८५९ मध्ये बांधलेला विल्टन्स म्युझिक हॉल पूर्व लंडनमध्ये अजून उभा आहे. पिळाच्या लोखंडी खांबांवर तोललेली त्याची गॅलरी पाहिली की गायक आणि ऐकणारा यांच्यात किती थोडे अंतर होते, हे लगेच कळते.

या रंगमंचावर उभे राहणारे बहुतेक जण गरीब घरांतून आले होते. डॅन लेनो १८६० मध्ये जन्मला आणि चार-पाच वर्षांचा असल्यापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर कसरती करू लागला. १८८० मध्ये त्याने लीड्स येथे लाकडी तळव्यांच्या बुटांनी करायच्या नृत्याची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि १८८८ पासून लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहातील नाताळच्या पँटोमाइममध्ये, म्हणजे गाणी आणि विनोदांनी भरलेल्या परीकथांच्या नाटकात, त्याचे नाव कायमचे झाले. आज नाताळची नाटके म्हणून जे पाहिले जाते, त्याला आकार देणाऱ्यांत हा माणूस अग्रभागी होता. १९०३ मध्ये त्याचे मानसिक संतुलन ढळले, उपचारांनंतर तो पुन्हा रंगमंचावर आला आणि १९०४ च्या ऑक्टोबरअखेर, वयाच्या ४३ व्या वर्षी, वारला. चार्ली चॅप्लिन आपणा सर्वांना परिचित आहे. त्याचे आईवडील म्युझिक हॉलचेच कलावंत होते, आणि १८९४ मध्ये आल्डरशॉट येथे आईचा आवाज गाता गाता बसला, तेव्हा पाच वर्षांच्या चार्लीला तिच्या जागी उभे करण्यात आले. ही हकिकत आमच्या संहितेत आहे आणि तिला कोणी आक्षेप घेतलेला नाही, कारण तिच्या शेवटी टाळ्या आहेत.

आता संपाविषयी. त्या काळचा कलावंत एका संध्याकाळी दोन-तीन, कधी त्याहूनही अधिक हॉलमध्ये गाडीने धावत जाऊन आपले काम करत असे, आणि त्यावरच त्याचे पोट चाले. पुढे मोठ्या मालकांच्या हाती हॉलच्या साखळ्या आल्या. दुपारचे जादा खेळ वाढले, पण बिदागी वाढली नाही. शिवाय जवळच्या दुसऱ्या हॉलमध्ये काम करता येणार नाही, अशी कलमे करारात घातली गेली. उचल देऊन कलावंताला फडाशी बांधून ठेवणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कलमांचा जाच वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. कलावंतांनी १९०६ मध्ये आपली संघटना स्थापन केली आणि १९०७ च्या जानेवारीत लंडनच्या हॉबर्न एम्पायर या हॉलपासून संप सुरू झाला. त्यात वाद्यवृंदातले वादक होते, पडद्यामागचे कामगारही होते. मारी लॉइड तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होती आणि तिला स्वतःला काहीच मागायचे नव्हते. आम्ही नामवंत आमच्या अटी मान्य करून घेऊ शकतो, हा लढा आठवड्याला तीस शिलिंग ते तीन पौंड मिळवणाऱ्यांसाठी आहे, अशा आशयाचे निवेदन करून ती दाराबाहेर पहारा देणाऱ्यांत सामील झाली. अखेर लवादामार्फत तडजोड झाली आणि संपकऱ्यांच्या बऱ्याच मागण्या पदरात पडल्या. पाच वर्षांनी, १९१२ मध्ये, राजासमोर म्युझिक हॉलच्या कलावंतांचा पहिला मोठा प्रयोग झाला, त्यात तिला बोलावले गेले नाही. तिच्या गाण्यांतील सूचकतेबरोबरच संपातील तिचा सहभागही त्याला कारण होता, असे अनेक जण मानतात.

या प्रवेशात दुःख आहे असे म्हणणाऱ्यांनी तो नीट वाचलेला नाही, असे मला वाटते. संप मोडून आत निघालेल्या एका सुमार गायिकेला अडवू नका, ती गायली की हॉल आपोआप रिकामा होईल, असे मारी म्हणाली, अशी आख्यायिका आहे. भर जानेवारीच्या थंडीत दाराशी पत्रके वाटणारे हे सगळे लोक पोटासाठी हसवणारे आणि गाणारेच होते. आमच्या नाटकातला सर्वांत खेळकर प्रवेश हाच होऊ शकेल.

दुसरा प्रवेश अधिक अवघड आहे, हे मी मान्य करते. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये मारी लॉइड उत्तर लंडनमधील एडमंटन येथे आजारी असतानाच रंगमंचावर आली. दारू प्यायलेल्या स्त्रीचे गाणे ती गात होती आणि तिचा तोल जात होता. तो अभिनयाचाच भाग आहे असे समजून प्रेक्षक पोटभर हसले. तीन दिवसांनी, वयाच्या ५२ व्या वर्षी, तिचा मृत्यू झाला आणि अंत्ययात्रेच्या दिवशी हजारो लोक रस्त्यावर उभे होते. मला येथे विठाबाई नारायणगावकर आठवतात. प्रयोग चालू असताना पडद्याआड बाळंत होऊन त्या पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यांच्यावर लिहिताना कोणी ती गाळली, तर आपण ते लेखन पुरे म्हणणार नाही.

एका बाबतीत मात्र मी कात्री लावणाऱ्यांच्या बाजूची आहे. त्या काळी चेहऱ्याला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची थट्टा करणारे कलावंत म्युझिक हॉलमध्ये सर्रास काम करत. मूळ संहितेत तसा एक छोटा तुकडा होता, तो काढला गेला आणि ते योग्यच झाले. साम्राज्याचा उन्मत्त अभिमान गाणारी गीतेही तेथेच गाजली. युद्धखोर देशाभिमानासाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘जिंगोइझम’ हा शब्द १८७८ च्या सुमारास गाजलेल्या अशाच एका गाण्यातून आला. अध्यक्षाच्या तोंडी दोन वाक्ये घालून प्रेक्षकांना हे सांगता येईल, आणि त्यासाठी कोणाची विटंबना रंगमंचावर उभी करण्याची गरज नाही.

पुढील बैठकीत मी असे सुचवणार आहे की संपाचा प्रवेश मध्यंतराच्या लगेच आधी घ्यावा. संपकरी प्रेक्षागृहाच्या मागच्या दारातून खुर्च्यांमधल्या वाटेने यावेत, पत्रके म्हणून समूहगीताचे छापील कागद मुलांच्या हाती द्यावेत आणि ध्रुवपद सगळ्यांनी मिळून म्हणावे. एडमंटनचा प्रवेश चार-पाच मिनिटांचाच ठेवावा. मारीची भूमिका करणाऱ्या मुलीने त्यात प्रेक्षकांना हसवायचेच आहे. नंतर दिवे मंद व्हावेत आणि अध्यक्षाने हातोडी न आपटता तिचे नाव घ्यावे. त्या प्रवेशासाठीचा झगा मी शिवायला घेतला आहे. आपल्या वाचकांपैकी कोणी तमाशा कलावंतांच्या आयुष्यावरील नाटक मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत मुलांसह आलेल्या प्रेक्षकांसमोर केले असेल, तर मुले अशा प्रवेशांना कशी सामोरी गेली, हे त्यांनी याच स्तंभातून कळवावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, लंडन