मंदी आणि पुरातत्त्वातील नोकऱ्या: सीमाभागाने काय मागावे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी घरांतून अलीकडे काही मुले-मुली पुरातत्त्व शिकण्यासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, तर काही प्राचीन इतिहास व कोरीव लेखांच्या अभ्यासासाठी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात जातात. इतिहासाचा निवृत्त शिक्षक असल्यामुळे त्यांचे पालक माझ्याकडे येतात आणि या शिक्षणावर नोकरी लागेल का, असे विचारतात. करोनाच्या टाळेबंदीनंतर या प्रश्नाला शेपूट जोडले गेले आहे: लागलेली नोकरी पुढच्या मंदीत टिकेल का? त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे पत्र.

मंदी आली की पुरातत्त्वातील नोकऱ्या जातात, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. उत्खनन करणाऱ्याची मजुरी कोण देतो, यावर सारे अवलंबून असते. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर 1990 पासून नियोजनाच्या सरकारी धोरणाने एक तत्त्व रूढ केले की, ज्याच्या बांधकामामुळे जमिनीखालचे अवशेष नष्ट होणार असतील त्यानेच त्यांच्या तपासणीचा आणि उत्खननाचा खर्च सोसावा. यातून खासगी पुरातत्त्व संस्था उभ्या राहिल्या आणि सरकारी खाते व विद्यापीठ यांच्या पलीकडे या विषयात रोजगार निर्माण झाला. मात्र तो घरबांधणीच्या तेजीला बांधलेला होता. 2007 मध्ये ब्रिटनमध्ये या व्यवसायात सुमारे 6,865 माणसे काम करीत होती. 2012 च्या अखेरीस ती संख्या 4,792 वर आली, म्हणजे पाच वर्षांत जवळपास तीस टक्के नोकऱ्या गेल्या. मोटारमार्गांच्या बांधकामावर ज्यांची भिस्त होती त्या आयर्लंडमधील पुरातत्त्वज्ञांची स्थिती याहूनही वाईट झाली.

त्यानंतर जे घडले त्याची चर्चा फारशी होत नाही. काम सुटलेली माणसे दुसऱ्या धंद्यांत गेली आणि परत आली नाहीत. पुढे लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या वेगवान रेल्वेमार्गासाठी साठहून अधिक ठिकाणी हजारावर पुरातत्त्वज्ञ लावण्याची वेळ आली तेव्हा माणसांचा तुटवडा जाणवू लागला आणि 2019 मध्ये ब्रिटिश सरकारला कुशल मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांच्या यादीत पुरातत्त्वज्ञांचा समावेश करावा लागला. आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीवाल्यांना हे नव्याने सांगायला नको. मागणी घटली की साचे घालणारा कंत्राटी मोल्डर पहिल्यांदा घरी जातो आणि ऑर्डरी परत आल्या की तोच हात सापडत नाही. मातीच्या रंगातला बारीक फरक ओळखून थर वेगळा करणारा उत्खननकार घडायलाही अनेक हंगाम लागतात.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. 1930 च्या दशकातील महामंदीत अमेरिकेच्या सरकारने बेकारांना मजुरी देण्यासाठी जी कामे काढली त्यांत उत्खनने होती. टेनेसी नदीवर धरणे बांधली जात असताना बुडीत क्षेत्रातील प्राचीन वसाहती बेकार मजुरांच्या हातांनी, पण प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली खणण्यात आल्या. ब्रिटनमध्येही खासगी पैसा या क्षेत्रात येण्याआधी, 1970 आणि 1980 च्या दशकांत, बेरोजगार तरुणांसाठीच्या सरकारी योजनांतून अनेक उत्खननांना माणसे मिळाली. म्हणजे मंदीने या विषयाला हातही पुरवलेले आहेत. त्यात एक उणीव राहिली. अमेरिकेत युद्ध सुरू होताच योजना गुंडाळल्या गेल्या आणि कित्येक ठिकाणचे अहवाल लिहायचे राहून गेले. खणणाऱ्याला मजुरी मिळाली, पण खणलेले समजून घेणाऱ्याच्या पगाराची तजवीज कोणी केली नव्हती.

आपल्याकडे यांपैकी कोणतीच रीत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे धारवाड मंडळ, राज्याचे पुरातत्त्व खाते, विद्यापीठांचे प्रकल्प आणि जतनाची कामे घेणारे मोजके कंत्राटदार, एवढाच आपल्या मुलांचा रोजगार. यातील बहुतेक पैसा सरकारी अंदाजपत्रकातून येतो. 1958 च्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आहे. पण ज्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर कोणताही फलक नाही, तेथून मुरूम नि माती उचलणाऱ्या ठेकेदाराला आधी पुरातत्त्वज्ञ आणण्याचे बंधन नाही. त्यामुळे तेजीत रस्ते झाले, वसाहती झाल्या, पण त्यांच्यामागून पुरातत्त्वातील एकही नवी जागा आली नाही. मंदीतील काटकसर मात्र न चुकता आली. इंग्लंडातील तरुणाने तेजीची निदान काही वर्षे तरी उपभोगली. आपल्या तरुणाच्या वाट्याला मंदीच तेवढी आली, ही माझी खरी तक्रार आहे.

करोनाच्या काळात हे स्पष्ट दिसले. 17 मार्च 2020 रोजी केंद्राची संरक्षित स्मारके बंद झाली आणि ती जून-जुलैमध्ये उघडू लागली. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने नवी पदे निर्माण करण्यावर बंदी घातली. संस्कृती मंत्रालयाची तरतूद 2020-21 च्या अंदाजपत्रकात सुमारे 3,150 कोटी रुपये होती, ती पुढच्या वर्षी सुमारे 2,688 कोटींवर आणण्यात आली. महामारीत आधी दवाखान्यांना पैसा द्यावा, याबद्दल माझे दुमत नाही. पण साथ ओसरल्यावरही तीच कथा राहिली. डिसेंबर 2022 मध्ये संसदेच्या स्थायी समितीपुढे आलेल्या माहितीनुसार देशातील 3,693 केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी केवळ 248 ठिकाणी सुरक्षा कर्मचारी नेमलेले होते. गरज सात हजारांची, नेमणूक 2,578 जणांची, आणि कारण दिले गेले ते निधीच्या मर्यादेचे. जिथे राखणदार नेमता येत नाही, तिथे उत्खनन सहायकाची जाहिरात कधी निघणार?

आणि काम मिळाले तरी ते कसे असते, हे पालकांना ठाऊक असावे. उत्खननाचा परवाना हंगामापुरता, ऑक्टोबर ते सप्टेंबर असा मिळतो. अनुदान पुष्कळदा उशिरा येते आणि आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते. त्यामुळे एम.ए. झालेला मुलगा किंवा मुलगी चार-पाच महिने रोजंदारीवर साइट सांभाळते, नकाशे काढते, खापरे धुऊन त्यांच्यावर क्रमांक घालते आणि उन्हाळा लागताच मोकळी होते. खापरांची पोती गोदामात जातात. अहवाल लिहिण्यासाठी लागणारी वर्ष-दोन वर्षे कोणत्याच तरतुदीत बसत नाहीत. कात्री लागते तेव्हा पहिला बळी याच कामाचा जातो, कारण न लिहिलेल्या अहवालाची ओरड कोणी करत नाही.

आपल्या जिल्ह्यात काम नाही म्हणावे, तर तसेही नाही. बेळगावलगतच्या वडगाव-माधवपूर येथे 1970 च्या दशकात झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन नगराचे अवशेष मिळाले. आज त्या परिसरावर शहर पसरले आहे. खानापूर तालुक्यातील हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. तेथे सापडलेल्या ताम्रपटांनी दख्खनच्या पाचव्या शतकाच्या इतिहासात मोलाची भर घातली. बेळगावच्या किल्ल्यात 1204 मध्ये रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने उभारलेली कमल बस्ती (जैन मंदिर) आहे, कित्तूरजवळ देगावचे कमलनारायण मंदिर आहे, गोकाक तालुक्यात कोण्णूरची महापाषाणयुगीन दफनस्थळे आहेत. घटप्रभा-मलप्रभेच्या काठांवरील अश्मयुगीन हत्यारे रॉबर्ट ब्रूस फूट यांच्या काळापासून अभ्यासकांना माहीत आहेत. गावोगावच्या वेशीत पडलेले वीरगळ आणि सतीशिळा तर कोणी मोजलेल्याही नाहीत.

या कामासाठी सीमाभागातील मुलांकडे बाहेरच्यांकडे नसलेली एक शिदोरी आहे. येथील शिलालेख प्रामुख्याने हळेकन्नड म्हणजे जुन्या कन्नडमध्ये आणि संस्कृतात आहेत, नंतरची दफ्तरे मोडीत आहेत, आणि आमची मुले घरात मराठी व बाजारात कन्नड बोलत वाढतात. भाषेच्या वादात मी अनेक वर्षे एका बाजूने उभा राहिलो आहे आणि आजही आहे. तरीही कन्नड न शिकता हलशीचा इतिहास सांगू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला मी पाठिंबा देणार नाही. नोकरीच्या बाबतीत मात्र ही मुले दोन्हीकडून अडतात. कर्नाटकात भाषेची परीक्षा आडवी येते. महाराष्ट्रातील भरतीत सीमाभागातील 865 गावांच्या उमेदवारांना रहिवासाची सवलत आहे, पण पुरातत्त्वाच्या जागाच निघत नसतील तर ती सवलत कागदावरच राहते.

तेव्हा मागायचे काय? माझ्या मते, आज मागणी करावी ती जिल्ह्यात येऊ घातलेल्या कामांच्या निमित्ताने. बेळगावचा वळण रस्ता आणि कित्तूरमार्गे धारवाडला जाणारा नियोजित रेल्वेमार्ग यांच्या आखणीवर माती उकरण्यापूर्वी प्रशिक्षित माणसांकडून पायी सर्वेक्षण व्हावे आणि त्याचा खर्च प्रकल्पानेच द्यावा. मोठ्या प्रकल्पाआधी असे काम करणे आपल्याला नवे नाही. नागार्जुनसागर धरणात बुडणाऱ्या नागार्जुनकोंड्याचे 1954 ते 1960 या काळात मोठे उत्खनन झाले आणि तेथील वास्तू उंचावर हलवल्या गेल्या. मात्र इंग्लंडचा अनुभव पाहता केवळ बांधकामाच्या पैशावर विसंबू नये. सर्वेक्षणाची आणि अहवालाची रक्कम काम सुरू होण्यापूर्वीच वेगळ्या खात्यात जमा करून घ्यावी, म्हणजे मध्येच मंदी येऊन रस्ता रखडला तरी अहवाल लिहिणाऱ्याचा पगार रखडणार नाही. कंत्राट द्यायचेच असेल तर ते हंगामाचे नसावे. अहवाल सादर होईपर्यंतचे असावे.

मंदीच्या किंवा दुष्काळाच्या वर्षी अथणी-रायबागकडे मजुरीची कामे काढावी लागतात. तेव्हा स्मारकांच्या परिसराची सफाई, कुंपणे, वीरगळांची नोंद आणि त्यांना सावलीत हलवणे ही कामेही हाती घेता येतील, पण प्रत्येक ठिकाणी एक पुरातत्त्वज्ञ नेमूनच. देखरेखीवाचून मजुरांना टेकाड खणायला लावण्यापेक्षा ते टेकाड तसेच राहिलेले बरे.

पालकांना माझा सल्ला असा की, मुलांना या विषयापासून परावृत्त करू नका. मात्र पदवीबरोबर टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने जमिनीची मोजणी, संगणकावर नकाशे तयार करणे आणि दगड-चुन्याच्या जुन्या बांधकामाचे जतन यांपैकी एखादे काम हाताला लावून घ्या. उत्खनन थांबले तरी या कामांना गिऱ्हाईक असते.

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा ऊस आणि सीमाप्रश्न यांवर दरवेळी बोलले जाते. येत्या अधिवेशनात जिल्ह्यातील आमदारांनी, पक्ष कोणताही असो, राज्याच्या पुरातत्त्व खात्यात मंजूर पदे किती, त्यांपैकी भरलेली किती आणि बेळगाव जिल्ह्यासाठी नेमलेली किती, एवढा प्रश्न लेखी विचारावा व त्याचे उत्तर आपल्या दैनिकाने छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव