मोहाखालचा पाला कोण झाडणार?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी एप्रिलमध्ये आपल्या अंकात जळत्या डोंगराचं छायाचित्र येतं, 'वणव्यात जंगल खाक' असा मथळा असतो आणि पंधरा दिवसांनी त्याच जागी तेंदूपत्ता, म्हणजे बिडीच्या पानांच्या हंगामाची बातमी असते. या दोन बातम्यांचं एकमेकींशी नातं आहे, हे मात्र कुठं वाचायला मिळत नाही. म्हणून यंदा जानेवारीतच लिहितो आहे. वनखात्याच्या हिशेबानं आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. म्हणजे अजून थोडे दिवस हातात आहेत.

मी गडचिरोली जिल्ह्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरीतली बहुतेक वर्षं जंगलाला लागून असलेल्या गावांत गेली, आता राहतो ते गावही तसंच. वीज पडून जंगल पेटल्याचं मी आयुष्यात एकदाही पाहिलेलं नाही. आग माणूस लावतो, आणि पुष्कळदा त्याच्या मनात काही वाईट नसतं. मार्चमध्ये मोह गळायला लागतो. पहाटे फुलं टपटप पडतात, पण खाली सागाच्या आणि पळसाच्या पानांचा घोट्याइतका थर असतो, त्यात फूल सापडत नाही. मग आदल्या दिवशी झाडाखाली काडी लावायची. जमीन काळी आणि मोकळी होते, तिच्यावर पिवळसर फूल लांबूनही दिसतं. काडी लावणारा माणूस घरी निघून जातो. आग मागं एकटी राहते, दुपारचा वारा सुटला की चढाकडे धावते.

दुसरं कारण तेंदूचं. झुडूप छाटलं की महिना-दीड महिन्यात कोवळी पानं फुटतात, हे खरं. पण छाटणीला मजुरी लागते आणि काडीपेटी स्वस्त. 'जाळलं की पान चांगलं येतं' ही समजूत त्यातूनच घट्ट झाली. मे महिन्यात 70 पानांचा एक पुडा, असे पुडे मोजून जे पैसे हातात येतात, त्यावर इथल्या घरांचं बियाणं आणि पावसाळ्याचा किराणा ठरतो. त्यामुळे शहरातल्या कुणी 'लोकांना जंगलाची किंमत नाही' असं म्हटलं की मला राग येतो.

आमच्या जंगलातली आग जमिनीवरून सरपटत जाते, शेंडे फारसे जळत नाहीत. पहिला पाऊस पडला की सगळं हिरवं, आणि लोक म्हणतात, काय बिघडलं? बिघडतं ते गुडघ्याच्या खाली. मोहाची, चारोळीची, आवळ्याची बोटभर रोपं त्या आगीत जातात, तित्तिर-लाव्याची अंडी जातात, उघडी पडलेली माती पहिल्याच सरीला नाल्यात जाते. आमच्या शिवारातले मोह मोजा. आजोबांच्या वयाचे भरपूर, शाळेच्या पोराच्या वयाचा एक सापडणं कठीण. फूल वेचण्यासाठी लावलेली आग पुढच्या पिढीचं झाडच खाते आहे.

आता उपायाचं. जाळरेषा (आग पुढं सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढा, पाला उडवायचे ब्लोअर द्या, आगीवर लक्ष ठेवणारे फायर वॉचर वाढवा, या मागण्या योग्यच आहेत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहावरून आग टिपून मोबाईलवर इशारा पाठवते. नाव नोंदवलं तर तो सामान्य माणसालाही मिळतो. आमच्या गावच्या दोन पोरांनी नोंदणी केली आहे. पण उपग्रह डोक्यावरून दिवसातून मोजक्या वेळा जातो. त्याच्या एका ठिपक्यात 375 मीटरचा चौकोन मावतो. चार वाजता लागलेली आग त्याला रात्री दिसणार. गुराख्याला ती सव्वाचारलाच दिसलेली असते. प्रश्न एवढाच, की तो सांगतो का?

नाही सांगत. दोन वर्षांपूर्वी एका तरुणानं धूर पाहून फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, 'तू तिथं काय करत होतास?' पुढे त्याला जबाबासाठी दोन हेलपाटे. त्यानंतर आमच्या टोल्यावरून, म्हणजे वाडीवरून, कुणीही फोन केलेला नाही. राखीव जंगलात आग लावणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे, तो असावाच. पण त्याच कायद्याच्या कलम 79 मध्ये जंगलात हक्क असलेल्या लोकांनी आग विझवायला मदत करणं हे कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. मदतीला आलेल्याला आधी संशयित धरायचं आणि मग लोकसहभागाच्या कार्यशाळेत त्यालाच हार घालायचा, हे एकत्र कसं चालणार?

तरी मला जास्त बोलायचं आहे ते आपल्याच माणसांबद्दल. 2006 च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला जंगल वापरण्याचा हक्क दिला, तसा राखण्याचाही दिला. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि 'आमच्या गावात आम्हीच सरकार' हे वाक्य साऱ्या जिल्ह्याला पाठ झालं. आम्ही सरकार असू, तर आगही आमच्याच खात्यातली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं 2012 मध्ये हक्क मिळाल्यावर तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यापायी झाडं छाटली जातात आणि जंगल पेटतं. त्यांनी बांबूवर भर दिला. मला त्यांचं कौतुक आहे, पण प्रत्येक गावाला हे झेपणार नाही. जिथं बांबू विरळ आहे तिथं मे महिन्याचा पैसा सोडा म्हणणं सोपं नाही.

मग तेंदू ठेवून काय करता येईल? अनेक ग्रामसभा आता स्वतः लिलाव करतात, करारनामा स्वतः लिहितात. त्यात एक ओळ घाला: छाटणी मजुरीनं होईल, तिचा खर्च ठेकेदार देईल आणि संकलनाआधी आग लागली तर अनामतीतून रक्कम कापली जाईल. तेंदूच्या पैशातला ठरावीक वाटा राखणदारांच्या रोजीसाठी आधीच बाजूला काढा. फुकटची राखण पहिल्या आठवड्यापुरती टिकते, हे मी तीन वेळा पाहिलं आहे. मोहाचं झाड कुठल्या घरचं, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. मग झाडाखालचा पाला झाडायची जबाबदारीही त्याच घराची. झाडून बाजूला ओढायचा, पेटवायचा नाही. ज्या घरात म्हातारी एकटी आहे, तिचं झाड टोल्यानं झाडून द्यावं.

शिवेचा प्रश्न वेगळाच. गेल्या एप्रिलमध्ये आमच्या आणि शेजारच्या गावाच्या शिवेवर आग लागली. आमची माणसं म्हणाली ती त्यांच्याकडे आहे, त्यांची म्हणाली ती आमच्याकडे. रात्री नऊपर्यंत ती दोघांकडेही होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांचे पाटील बसले आणि शिवेवरची जाळरेषा अर्धी-अर्धी वाटून घेतली. कागद नाही, शिक्का नाही, पण यंदा साफसफाई सुरू झाली आहे. त्यांची बाजू आमच्यापेक्षा पुढं गेली आहे, हे कबूल करायला हवं.

आपल्याला एक विनंती. सध्या गावोगाव ग्रामसभा होत आहेत. कुठल्या गावानं आगीबद्दल काय ठराव केला, याची चार ओळींची बातमी छापत जा. शेजारच्या गावाचं नाव पेपरात आलं की आमच्याकडची माणसं लगेच जागी होतात, हा जुना अनुभव आहे. आणि हो, आमच्या गावातल्या बायकांच्या गटानं यंदा चार मोहांखाली जाळी ताणून पाहायचं ठरवलं आहे. फूल जाळीत पडलं तर पाला झाडायलाही नको, जाळायलाही नको आणि माती न लागल्यानं भावही बरा मिळेल, असा त्यांचा हिशेब. माकडं आणि अस्वलं काय म्हणतात ते मार्चमध्ये कळेल. तेव्हा पुन्हा लिहीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
जि. गडचिरोली