पिंग झालं, पण टेबल रिकामं

पंचवटी, नाशिक
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझा फोन आला त्यानंतर तीन रात्री पॅकेट ट्रेसर (संगणकावरच नेटवर्क उभारून सराव करायचा प्रोग्राम) उघडून बसलो. "पिंग होतंय, म्हणजे नॅट चालतंच असणार," असं तू म्हणालास आणि मीही हो म्हटलं. ते चुकलं. पिंग म्हणजे पलीकडून उत्तर येतंय एवढंच; नॅट म्हणजे राउटरने आतला खासगी पत्ता बदलून बाहेरचा लावणं. माझ्या फाइलमध्येही अगदी तसंच होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मुलाखतीआधी हे तुला माहीत हवं.

मी अंबडच्या एखाद्या छोट्या कारखान्याचं नेटवर्क मनाने मांडलं होतं. हिशेब विभाग व्हीलॅन १० मध्ये (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर वेगळे पाडलेले गट), १९२.१६८.१०.०, स्टोअर व्हीलॅन २० मध्ये, १९२.१६८.२०.०. एकच राउटर, त्याच्या एकाच पोर्टवर दोन सबइंटरफेस, म्हणजे प्रत्येक व्हीलॅनसाठी एक आभासी जोड. पलीकडे इंटरनेट देणाऱ्याचा राउटर आणि त्यामागे सर्व्हर. हिशेबाच्या पीसीवरून पिंग केलं. पहिलं टाइमआउट झालं, पुढची तिन्ही उत्तरं आली. (पहिलं एआरपीमुळे, म्हणजे पुढच्याचा हार्डवेअर पत्ता विचारण्यात जातं, त्याची काळजी करू नकोस.) खुशीत राउटरवर 'शो आयपी नॅट ट्रान्सलेशन्स' दिलं, ही आज्ञा नॅटच्या नोंदींचं टेबल दाखवते, तर एकही ओळ नाही. वाटलं, उशीर झाला असेल, पिंगची नोंद मिनिटभरच टिकते. पुन्हा पिंग करून लगेच पाहिलं. तरी रिकामं.

मग सिम्युलेशन मोड लावला, त्यात प्रत्येक पॅकेट लिफाफ्यासारखं दिसतं, आणि एकेक लिफाफा उघडून बघितला. बाहेर पडलेल्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.१०.५ असाच होता, बदललाच नव्हता. उत्तर परत येत होतं, कारण राउटिंग शिकताना मीच समोरच्या राउटरवर आपल्या आतल्या दोन्ही नेटवर्कचे स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेले रस्ते, टाकून ठेवले होते! खऱ्या जगात ते कोणीही टाकणार नाही. हे खासगी पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ ने (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) सगळ्यांना वापरायला मोकळे ठेवलेत. तुझ्या पुण्यातल्या खोलीत १९२.१६८ असेल, माझ्या घरातही तेच आहे. मग बाहेरच्याने उत्तर पाठवायचं कुणाकडे? दोन्ही रूट काढले. पिंग बंद पडलं, आणि खरं काम तिथून सुरू झालं.

आमच्या आजीच्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती, पत्ता मात्र एकच. पोस्टमन दिंडीदरवाजात टपाल द्यायचा आणि कुठलं पत्र कुणाचं हे आत ज्याला ठाऊक तो वाटायचा. ओव्हरलोड नॅट हेच करतं. बाहेर एकच पत्ता दाखवतं आणि पोर्टच्या आकड्यावरून (इथे पोर्ट म्हणजे वायरची जागा नव्हे, प्रत्येक संभाषणाचा क्रमांक) कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं ते टेबलात लिहून ठेवतं. पिंगला पोर्ट नसतो, तिथे आयसीएमपीचा (पिंग ज्यावर चालतं त्या प्रोटोकॉलचा) ओळखक्रमांक वापरतं. म्हणून टेबल रिकामं म्हणजे वाटणारा जागेवरच नाही.

'शो आयपी नॅट स्टॅटिस्टिक्स'ने चूक दाखवली. आतल्या बाजूला फक्त मूळ इंटरफेसचं नाव होतं. पॅकेट येत होती सबइंटरफेसवरून, आणि 'आयपी नॅट इनसाइड', म्हणजे 'ही आतली बाजू' असं सांगणारी आज्ञा, मी दिली होती मूळ पोर्टवर. दोन्ही सबइंटरफेसवर ती दिली आणि हिशेब विभागाची ओळ उमटली: आतला १९२.१६८.१०.५, बाहेरचा २०३.०.११३.२. रात्रीचा एक वाजला होता, तरी आईला उठवून सांगावंसं वाटलं.

स्टोअर मात्र अजून अडलेलंच. तिथली गोष्ट सोपी होती: ॲक्सेस लिस्टमध्ये, म्हणजे कुणाचे पत्ते बदलायचे त्या यादीत, १०.० चीच ओळ, २०.० ची नाहीच. यादीत नसलेलं पॅकेट राउटर अडवत नाही बरं का, जुन्याच पत्त्यानिशी बाहेर सोडतो. ते सर्व्हरपर्यंत पोचतं, आणि उत्तर समोरच्या राउटरवर येऊन मरतं, कारण परतीचा रस्ताच नसतो. लिफाफा सर्व्हरहून निघून तिथे पडताना डोळ्यांनी पाहिला, तेव्हा ते पक्कं डोक्यात बसलं.

एक अजून बघ. आतून बाहेर जाताना राउटर आधी रस्ता शोधतो, पत्ता नंतर बदलतो. डीफॉल्ट रूट (दुसरा रस्ता माहीत नसेल तेव्हाचा रस्ता) विसरलास तर नॅटपर्यंत गाडी जातच नाही, आणि टेबल तेव्हाही रिकामंच दिसतं. तुझ्या फाइलमध्ये समोरच्या राउटरवरचे रूट आधी तपास. नंतर हे.

माझी फाइल पाठवतोय. तिच्यात एक चूक मुद्दाम ठेवली आहे, स्टोअरच्या वाइल्डकार्ड मास्कपाशी (यादीतल्या पत्त्याचा कुठला भाग जुळायला हवा ते सांगणारा आकडा). शोधलीस की रात्री कितीही वाजले असले तरी फोन कर.

तुझाच