आधी विहिरीत डोकावा, मग नकाशा काढा
(नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र)

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

पुण्याच्या पूर्वेला, कालव्याच्या कडेचं आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावाचं नाव घातलं तरी पत्रात फारसं काही बदलणार नाही. 2012 ते 2017 मी ग्रामपंचायतीची सदस्य होते. त्यामुळे ठराव, निविदा, टक्के, बिलं हे सगळं जवळून पाहिलेलं आहे.

तक्रारीआधी एक कबुली देते. आमची विहीर आजेसासऱ्यांनी खणलेली, सात परस, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील इतकी खोल, काळ्या दगडात बांधलेली. खडकवासल्याच्या कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी हात-दोन हात वर चढायचं. सासूबाई सकाळी कठड्यावरून वाकून बघायच्या आणि कितवी पायरी बुडाली ते स्वयंपाकघरात येऊन सांगायच्या. 2016 च्या उन्हाळ्यात रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतींना टँकर लागायला लागले. टँकरवाला आला, भरण्यामागे दीडशे रुपये म्हणाला. ऊस जळत होता आणि रोख पैसा समोर दिसत होता. आम्ही ऊस मोडला आणि पाणी विकलं. एक नाही, तीन उन्हाळे विकलं. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात मोटर नुसती हवा ओढायला लागली, आणि त्याच आठवड्यात दिरांच्या बोअरला गाळ आला. घराघरांत अबोला धरला गेला, तो अजून पुरता सुटलेला नाही.

तेव्हा गावाचं पाणी कोणी पळवलं असं मी म्हणणार नाही. त्यात आमचाही हात आहे. पण त्या इमारतींना परवानगी देताना पाणी कुठून येणार हे कुणी विचारलं होतं का, एवढं विचारायचा हक्क मला आहे असं वाटतं.

आमचं गणित साधं आहे, पोस्टकार्डाच्या मागे मावेल एवढं. हजार फ्लॅटचा एक प्रकल्प, घरटी चार माणसं, माणशी दिवसाला 135 लिटर. झाले 5 लाख 40 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे 54 टँकर, रोज. दिवाळीला आणि पाडव्यालासुद्धा. यातलं साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे चार लाख लिटरच्या वर. ते कुठे जातं हे बघायला यंत्र लागत नाही, ओढ्याकाठी उभं राहून नाकाने श्वास घेतला की कळतं. आणि त्याच शिवारात, रस्त्याच्या अलीकडे, जलजीवन मिशनच्या नळाचं माप माणशी 55 लिटरचं. एकाच पावसावर जगणाऱ्या माणसांना रस्ता ओलांडला की दुसरं माप लागतं. बरं, अलीकडची माणसं मोजायची तर तेही 2011 च्या जनगणनेवर. त्यानंतर गावात किती चुली वाढल्या हे सरकारी कागदाला ठाऊकच नाही.

या सगळ्यावर व्यवस्थेने काढलेला तोडगा म्हणजे हमीपत्र. सार्वजनिक पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन, असं विकासक स्टँप पेपरवर लिहून देतो. सोसायटी झाली, त्याचं ऑफिस पुढच्या गावाला गेलं, की ते हमीपत्र राहतं फायलीत आणि टँकरचं बिल येतं रहिवाशांच्या देखभाल खर्चात. मला त्या फ्लॅटवाल्यांचा राग येत नाही. वीस वर्षांचं कर्ज काढून त्यांनी ‘निसर्गाच्या कुशीत’ घर घेतलं, आणि आता रात्री अकरा वाजता टँकरचा हॉर्न ऐकत बसतात. त्यांच्यातल्या दोघी-तिघी ग्रामसभेलाही यायला लागल्या आहेत. गाववाले त्यांना अजून ‘सोसायटीवाले’च म्हणतात, ती आमची खोड.

पुणं ही वाट याआधी चालून गेलं आहे. 2017 मध्ये 11 गावं महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23. उरुळी देवाची आणि फुरसुंगी 2017 ला आत घेतली, 2024 ला पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. या सगळ्या ये-जा मध्ये तिथला कचरा डेपो मात्र जागचा हलला नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले आणि सगळ्यांची नजर पिण्याच्या पाण्याकडे वळली. ही गावं तेव्हा कागदावर शहरच होती. हद्द सरकवली म्हणून पाणी शुद्ध होत नाही, हे आजारी पडून कळायला नको होतं.

ओढ्याचं तर काय सांगू. भूमी अभिलेखकडून गावाचा जुना नकाशा काढून आणला, तर त्यात आमचा ओढा ठसठशीत दोन रेघांनी दाखवलेला. माझ्या लग्नाच्या वेळी वऱ्हाडाचा ट्रक त्यातूनच उतरला होता, इतका रुंद. आज तिथे सिमेंटचे दोन पाइप आहेत आणि वर प्लॉटिंगचा मुरमाचा रस्ता. शहरातला राडारोडा रात्री येऊन पडतो. कडेच्या शेतकऱ्यांनीही भराव टाकून दोन-दोन गुंठे ‘कमावले’ आहेत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काय केलं, ते आपण विसरला नसाल. माणसं जिवानिशी गेली. आमच्या ओढ्याला अजून तशी रात्र आलेली नाही, एवढाच काय तो फरक.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) 2021 चा प्रारूप विकास आराखडा हजारो हरकतींनंतर 2025 मध्ये सरकारने रद्द केला. झालं ते बरं की वाईट, यावर पारावर अजून भांडणं होतात. ज्यांच्या जमिनीवर सार्वजनिक कामासाठी आरक्षण होतं त्यांनी पेढे वाटले. पण नकाशा नाही म्हणून बांधकाम काही थांबलेलं नाही. गुंठा-गुंठा करून पाणंदी बुजतायत आणि गायरानावर डोळे आहेत ते आहेतच. तेव्हा आराखडाच नको असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पुढचा करताना क्रम उलटा करा, एवढंच मागणं आहे.

आधी पाणलोट मोजा. कुठल्या शिवारात किती पाणी मुरतं, ओढे कुठे, जुन्या विहिरी कुठे, हे नकाशावर पहिल्यांदा येऊ द्या. त्यातून किती माणसं पोसता येतील ते ठरवा आणि मग नकाशात घरांच्या भागाचा पिवळा रंग भरा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार वर्षानुवर्षं पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं. पाऊस किती झाला त्यावर पीक ठरतं, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. पाण्यावर पीक ठरू शकतं तर मजले का ठरू नयेत? मोठ्या प्रकल्पाला पाण्याचा पक्का स्रोत आणि चालू स्थितीतलं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र दिसल्याशिवाय भोगवटा, म्हणजे राहायला जायची परवानगी, मिळता कामा नये. हमीपत्र चालणार नाही, असं एका ओळीचं परिपत्रक निघालं तरी निम्मं काम होईल.

दुसरं जमिनीचं. शेतकऱ्याला नेहमी दोनच दारं दाखवली जातात, विक नाहीतर आरक्षणात जा. हडपसरला मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांवर जमीन एकत्र करून स्वतःच शहर उभारलं आणि मालकी आपल्याकडे ठेवली. सगळ्यांना ते जमेल असा भाबडा समज माझा नाही. तिथे जमीन मोठी होती, एकी होती आणि पुढाकार घेणारा माणूस होता. पण नगररचना योजनेत रस्ते-उद्यानांची जागा सोडून उरलेला प्लॉट मूळ मालकाला परत मिळतो, हे आमच्याकडे दहातल्या नऊ जणांना माहीतच नाही. ते मराठीत, गट नंबर घेऊन, चावडीवर समजावून सांगायला माणूस पाठवा. कायद्याने हरकतीला 30 दिवस मिळतात. पेरणीच्या नाहीतर ऊसतोडीच्या दिवसांत ते कसे निघून जातात हे आम्हाला विचारा. नकाशा मोबाइलवर मोठा करायला गेलं की गट नंबर फुटतो, आणि शेवटी गावातल्या एजंटाकडेच जावं लागतं. त्याला मात्र तो नकाशा आमच्याआधी वाचता आलेला असतो.

ग्रामसभेचा ठराव घ्या, नुसती ‘माहितीसाठी’ प्रत पाठवू नका. गायरानासारख्या गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढून ती गावाला परत द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलेलं आहे, त्यावर मी वेगळं काय लिहू.

सर्वेक्षणाला माणसं पाठवाल तेव्हा एक कराल का? पावसाळ्यात पाठवू नका. तेव्हा आमचं शिवार फारच देखणं दिसतं आणि साहेब लोक खूश होऊन जातात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवा. सात परसाच्या विहिरीत उतरून तळ दाखवीन, कोरड्या पायांनी. वर आल्यावर चहा होईलच, पाणी टँकरचं असेल.

आपली,
पुणे जिल्ह्यातल्या एका गावची माजी ग्रामपंचायत सदस्य