काकांचे रेझर पाठवू नकोस

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर काकांचे रेझर मला देऊन टाकतो म्हणालास आणि मी काही बोलायच्या आत फोन वहिनींच्या हाती दिलास, म्हणून हे पत्र. रेझर पाठवू नकोस. ते का नको हे एका वाक्यात सांगितले तर तुला राग येईल, आणि सविस्तर सांगायचे तर फोनवर तू ऐकून घेणार नाहीस. तेव्हा कागदच बरा. माझी तब्येत ठीक आहे, बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे होते तसेच आहेत.

मूळ भानगड नामाभाऊंपासून सुरू होते. पोळ्याच्या सुमारास त्यांनी स्वतःच वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, हात थरथरते आता माह्या. तुमच्या मानीले वस्तरा लावाचं भेव वाटते." माझी मान त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. डाव्या जबड्याखाली जो भोवरा आहे, तेथे केस खाली न वाढता आडवे कानाकडे वाढतात. नामाभाऊ तेवढ्यापुरता वस्तरा आडवा धरीत आणि उलटा हात कधीही मारत नसत. स्टँडवरच्या नव्या सलूनमधल्या पोराने सफाईच्या हौसेने नेमका तेथेच उलटा हात मारला आणि दुसऱ्या दिवशी मान लाल पुटकुळ्यांनी भरून गेली. त्यावर चिरंजीवांनी आपले पाच पात्यांचे रेझर मोठ्या उदारपणे पुढे केले, आणि त्या पुटकुळ्यांचे केसतोड झाले. शाळेतली पोरे फळ्याऐवजी माझ्या मानेकडे पाहू लागली, तेव्हा अकोल्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी सांगितलेले मला पटले. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचे पाते केसाला ओढून किंचित वर काढते आणि मागचे त्याला कापते, त्यामुळे कापलेला केस मागे सरकून कातडीच्या पातळीखाली जातो. केस कुरळा असेल तर तो वर येताना वाट चुकतो, आतल्या आत वळतो आणि तेथेच गाठ धरतो. वसतिगृहात तू माझ्या दाढीला कापसाच्या पऱ्हाट्या म्हणायचास, ते आठवले. पऱ्हाटी जमिनीलगत छाटावी, जमिनीखाली नव्हे, एवढेच डॉक्टरांचे म्हणणे होते. म्हणून एकच पाते, केसांच्या दिशेने, कातडी न ताणता आणि फार गुळगुळीत करण्याचा हट्ट न धरता. हे सगळे सेफ्टी रेझरने, म्हणजे सुटे दुधारी पाते बसवायच्या जुन्या पद्धतीच्या रेझरने साधते. अशा रीतीने केस पिकल्यावर मी आयुष्यातले पहिले सेफ्टी रेझर शोधायला लागलो आहे, आणि यावर तू किती हसशील हे मला माहीत असल्याने एक ओळ सोडून पुढे लिहितो.

आता काकांचे रेझर. ते दातेरी आहे, म्हणजे पात्याखाली सलग पट्टी नसून कंगव्यासारखे दात आहेत. जिलेटने १९०१ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०४ साली ते त्याला मिळाले. त्याच्या त्या सुरुवातीच्या रेझरलाही असेच दात होते आणि सलग पट्टी नंतर आली, त्यामुळे दातेरी तेच अस्सल असे काका म्हणत ते काही खोटे नव्हते. तुझाही मुद्दा मी नाकारत नाही: मी तीन-चार दिवसांनी दाढी करणारा माणूस, आणि वाढलेले खुंट दातांमधून सरळ पात्यापर्यंत पोहोचतात, फेसही पुसला जात नाही. दातेरी म्हटले की ते तिखटच असते असेही नाही. रेझर सौम्य की तिखट हे ठरते ते पात्याची धार डोक्याच्या कडेबाहेर किती डोकावते आणि पाते व पट्टी यांच्यामध्ये फट किती आहे त्यावर. पाते स्वतः तर जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचे असते, म्हणजे फरक सगळा केसाएवढ्या अंतरांचा. पण काकांच्या रेझरमध्ये धार चांगली बाहेर येते, ती मी दिवाळीत तुझ्या न्हाणीघरात उजेडासमोर धरून पाहिली आहे. काकांची कातडी बैलगाडीच्या वादीची होती, माझी तशी नाही. शिवाय त्याचा कडेचा एक दात आत वाकलेला आहे, त्यामुळे एका बाजूला फट कमी-जास्त होते, आणि ती बाजू नेमकी माझ्या भोवऱ्यावर येणार.

तो दात मी वाकवला असे तू गेली कित्येक वर्षे सांगत आला आहेस. वसतिगृहाच्या मोरीत रेझर पाडणारा बंडू होता; मी फक्त ते उचलले आणि तू दार उघडलेस तेव्हा ते माझ्या हातात होते. बंडूला विचार. तो आता खोटे बोलणार नाही, सरपंचकीची निवडणूक हरल्यापासून त्याला त्याची गरज उरलेली नाही.

नवे घ्यायचे तर कसले, यावर माझे मत बऱ्यापैकी ठरले आहे. सलग पट्टीचे, सौम्य डोक्याचे, तीन सुट्या भागांचे. दांडी फिरवली की वरची दोन झाकणे उघडणारे रेझर माझ्या चष्म्याला सोयीचे वाटले होते, पण त्याच्या आतल्या सांध्यात साबण आणि क्षार साचणार आणि ते अडकणार. तू नागपूरला पेंच-कन्हानचे पाणी वापरून खारपाण विसरला असशील; येथे बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, तेथे फिरकीची यंत्रणा काय टिकणार! तीन भागांचे रेझर उघडून धुता येते, पुसून ठेवता येते. याच कारणाने मला जस्ताच्या मिश्रधातूचे डोके नको आहे. बाजारात स्वस्तातली बहुतेक तशीच असतात, वरून चकचकीत मुलामा. मुलाम्याला कोठे चीर गेली की आतला धातू खाल्ला जातो, आणि फरशीवर पडले तर आट्यांचा खुंट मोडतो. पितळेचे किंवा सरळ स्टेनलेस स्टीलचे हवे. जर्मनीच्या सोलिंगेनमधले मर्कुर ३४सी सौम्य म्हणून नावाजलेले आहे, तरी त्याचेही डोके जस्ताच्या मिश्रधातूचेच; जपानच्या फेदरचे स्टीलचे त्याहून मवाळ आहे, पण कापसाचे चुकारे अजून यायचे आहेत, तेव्हा परदेशी नावे मी फक्त वाचून समाधान मानतो. आपल्याकडेही पितळेची चांगली रेझरे आता तयार होतात. दांडीवर खरखरीत नक्षी असावी, कारण ओल्या बोटांतून गुळगुळीत दांडी निसटते. आणि वजन हातात जाणवेल इतके असावे, म्हणजे दाबायचा मोह होत नाही. रेझरच्या वजनानेच पाते फिरू द्यायचे, गालाशी साधारण तीस अंशांचा कोन ठेवायचा, हात छोटे-छोटे मारायचे. तू हे सगळे काकांकडून पाहून शिकलास. मला ते उतारवयात कागदावरून शिकायचे आहे.

रेझरपेक्षा मोठी कटकट मात्र फेसाची निघाली. बोअरच्या पाण्यात साबणाचा फेस होतच नाही. ब्रश कितीही घोटला तरी वाटीत पांढरा चोथा जमतो आणि तोंडावर लावला की वाळून पापुद्रा धरतो. अशा कोरड्या फेसावरून सोन्याचे रेझर फिरवले तरी मान सोलणारच, आणि नामाभाऊ दुकानात पिण्याच्या कॅनमधलेच पाणी का वापरीत याचा उलगडा मला आत्ता झाला. मी आरओच्या कॅनमधले तांब्याभर पाणी कोमट करून घेतो, गरम ओला टॉवेल दोन-तीन मिनिटे मानेवर धरतो आणि मग ब्रश फिरवतो. फेस लोण्यासारखा झाला नाही तर पाण्याचे दोन थेंब आणखी. यावर सौभाग्यवतींचे म्हणणे असे की घरात प्यायला कॅन मोजून येते आणि ह्यांच्या दाढीला मात्र अभिषेक. ब्रश कृत्रिम धाग्यांचा घेतला आहे. डुकराच्या केसांचा ब्रश फेस चांगला काढतो म्हणतात, पण माळकरी आईच्या घरात तो आणण्याची माझी छाती नाही, आणि कृत्रिम ब्रश मऊ असून लवकर वाळतो. क्रीम बिनवासाचे, पुदिन्याचा थंडावा नसलेले. दाढीनंतर झोंबणारे स्पिरिटचे पाणी डॉक्टरांनी बंद केले. ओली तुरटी हलक्या हाताने फिरवून धुऊन टाकतो, आणि ती जेथे झोंबते तेथे आज हात जड पडला हे आपोआप कळते.

पात्यांबाबत तुझ्याशी माझे भांडण ठरलेलेच आहे. तुला सर्वांत धारदार तेच सर्वांत चांगले वाटते; पण फेदरसारखे अतितीक्ष्ण पाते मुरलेल्याच्या हाताचे, शिकाऊच्या नव्हे. तरी बोथट पातेही नकोच, कारण बोथट पाते केस ओढते आणि ओढलेल्या केसाचीच ही सारी कथा आहे. मधल्या धारेचे काही प्रकार पाच-पाच पात्यांच्या पाकिटात आणून एकेक वापरून पाहावे, रेझर तेच ठेवावे, आणि दोन-चार दाढ्यांनंतर पाते बदलावे, असा माझा बेत आहे. जुनी पाती कोठे टाकायची हाही प्रश्न आहे, कारण उकिरड्यावर गुरे तोंड घालतात. झाकणाला फट पाडलेल्या एका पत्र्याच्या डब्यात ती जमवायला सुरुवात केली आहे.

तुझी बदली रद्द झाली हे ऐकून बरे वाटले. वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन थंडीतच उरकून घ्या. पिंट्याला नोकरी लागली म्हणे, पेढे कोठे आहेत?

आणि काकांचे रेझर त्या पिंट्याला दे. त्याची कातडी काकांवर गेली आहे आणि त्याला दाढीही आता रोज करावी लागेल. सराफाकडून तो दात सरळ करून घ्या, पण हलक्या हाताने, जुने पितळ वाकवताना तुटते. मला ते पाठवलेस तर मी ते वापरू शकणार नाही आणि कपाटातही ठेवू शकणार नाही. काका गेल्यावर तू त्यांची एकच वस्तू स्वतःसाठी मागून घेतली होतीस, ती माझ्या मानेपायी घराबाहेर जायला नको.

मार्गशीर्षात लग्नाला येशीलच. येताना सीताबर्डीला एखाद्या जुन्या दुकानात जाऊन मी वर लिहिले तसे पितळेचे रेझर पाहा. दुकानदाराला पाते बसवून दाखवायला सांग आणि उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंना धार सारखी बाहेर येते का ते बघ. कमी-जास्त असेल तर दुसरे मागून घे, संकोच करू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पाकिटावरचे वर्णन वाचून घेऊ नकोस. पैसे आल्यावर रोख देईन, आणि या वेळी 'राहू दे' म्हणालास तर रेझर परत घेऊन जावे लागेल.

तुझा,
सुधाकर