आई-बाबा, शाळेतल्या माझ्या कामाविषयी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तुमच्या इंटरनॅशनल शाळेत पर्यावरणाचं एवढं जे चालतं, ते मनापासून की माहितीपत्रकापुरतं?" आणि मागून आई म्हणाली, "लहान लेकरांना जगबुडीच्या गोष्टी सांगून घाबरवता कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. विभागप्रमुखाची जागा नाकारून मी शाळेतलं पर्यावरणाचं हे काम घेतलं तेव्हा तुम्ही मला अडवलं नाहीत, पण ते तुम्हाला पटलंही नव्हतं. निदान मी नेमकं काय करते आणि त्यात माझा जीव का गुंतलाय, हे तुम्हाला कळायला हवं.

बाबा, तुम्हाला इतिहासाची गोडी, तेव्हा सुरुवात तिथून करते. पहिलं महायुद्ध संपलं, जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आल्या आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये एक शाळा निघाली. इंटरनॅशनल शाळांची परंपरा जिथून सुरू झाली, त्यातली ही एक. म्हणजे या शाळांचं मूळ युद्धाच्या अनुभवात आहे. नंतर कुर्ट हान नावाचे जर्मन शिक्षणतज्ज्ञ आले. हिटलरला उघड विरोध केला म्हणून १९३३ मध्ये त्यांना अटक झाली, सुटल्यावर ते ब्रिटनला गेले. त्यांच्या विचारांतून १९६२ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अटलांटिक कॉलेज उभं राहिलं. ऐन शीतयुद्धात वेगवेगळ्या देशांची मुलं एका छताखाली राहू लागली. पण मला त्या शाळेची सर्वांत आवडती गोष्ट वेगळीच आहे. तिथले विद्यार्थी समुद्रात अडकलेल्यांच्या मदतीला बोटी घेऊन जात. जगभरच्या बचावपथकांकडे आज कडक तळाच्या आणि हवा भरलेल्या कडांच्या ज्या रबरी बोटी दिसतात, त्यांचा आराखडा १९६० च्या दशकात त्याच शाळेत घडला. सेवेचं मूल्य शिकवायचं म्हणून भाषण न देता त्यांनी मुलांच्या हातात बोट दिली.

माझ्या कामाचा आधार हाच आहे. देशादेशांतल्या माणसांनी एकमेकांचं ऐकावं म्हणून ज्या शाळा निघाल्या, त्यांच्यासमोर आज हवामानबदलाचा प्रश्न आहे, जो कुठल्याच देशाला एकट्याने सुटणारा नाही. एका देशातल्या धुराड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो. म्हणून हानच्या विचारांतून वाढलेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस या शाळांच्या जाळ्याच्या ध्येयवाक्यात शांततेच्या जोडीला शाश्वत भविष्य हे शब्द आहेत. आमच्या शाळेच्या मूल्यांमध्येही ते आहेत, दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत. बाबांची शंका त्या भिंतीबद्दल होती आणि ती बरोबर आहे. शाळेची मूल्यं कळतात ती पैसा, सोय आणि प्रतिष्ठा यांपैकी काहीतरी सोडायची वेळ येते तेव्हा. मुलांना हे मोठ्यांच्याही आधी दिसतं.

विजेचंच बघा. शाळेच्या मीटरवर दर अर्ध्या तासाला किती वीज लागली याची नोंद होते. सहावीच्या मुलांनी ती घेऊन आठवड्याचा आलेख काढला. रविवारी पहाटे तीन वाजता शाळेत चिटपाखरू नसतं, तरी रेघ खाली टेकत नव्हती, चांगली वरून चालत होती. "ताई, रविवारी पहाटे शाळेत कोण असतं?" असं एका मुलीने विचारलं आणि तिथून शोध सुरू झाला. शाळेच्या वायरमनला बरोबर घेऊन, प्लगला लावायचं छोटं मीटर हातात धरून मुलं खोलीखोलीत फिरली. रात्रभर गार पाणी तयार ठेवणारे कूलर सापडले, स्टँडबायवर लाल डोळा मिचकावणारे प्रोजेक्टर सापडले, प्रयोगशाळेत एक रिकामा फ्रीज चालू होता. सर्व्हरच्या खोलीतलं एसी गरजेपेक्षा कितीतरी खाली लावलेलं होतं. प्रत्येक वस्तूचं नाव, तिची वॅटची नोंद आणि ती कोणाच्या ताब्यात आहे, असा तक्ता मुलांनी केला. कूलरना टायमर लागले, फ्रीज बंद झाला आणि पुढच्या रविवारी रेघ खाली आली. ती खाली आलेली बघताना मुलांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते कुठल्याही बक्षीस समारंभात मी पाहिलेलं नाही.

यातली एक गोष्ट मुद्दाम सांगते. वायरमनना हे सगळं आधीपासून माहीत होतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आता ते पर्यावरण समितीचे सदस्य आहेत, बैठकीत मुलांच्या शेजारी बसतात. शाळेने एवढं एकच केलं असतं, तरी मला ते मोठं वाटलं असतं.

खानावळीतलं अन्न वाया जाणं, गणवेशांची अदलाबदल, कागद, कंपोस्ट हेही चालतं आणि बरं चालतं. कंपोस्टच्या ढिगात थर्मामीटर खुपसून तो पन्नास अंशांच्या वर गेला की पहिलीची मुलं नाचतात. पण या कामांना सहसा कोणाचा विरोध नसतो, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. खरी कसोटी विमानाची आहे.

आमच्यासारख्या शाळेची ही दुखरी जागा. शाळा आपला कार्बनचा हिशेब मांडते तेव्हा जगभर वापरल्या जाणाऱ्या ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या नियमावलीप्रमाणे तीन भाग करते. पहिल्यात स्वतः जाळलेलं इंधन, म्हणजे बसचं आणि जनरेटरचं डिझेल. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. तिसऱ्यात बाकी सगळं: खरेदी, कचरा, लोकांचं येणंजाणं, परदेशी सहली, स्पर्धा, शिक्षकांचे विमानप्रवास. पहिले दोन भाग मोजून छानसा अहवाल छापणं सोपं असतं. आमच्या मुलांनी तिसराही मोजला आणि तोच सर्वांत मोठा निघाला. त्यातही, विमानाचा परिणाम नुसत्या कार्बन डायऑक्साइडवर मोजला तर तो कमीच भरतो, कारण उंचावर मागे राहणारे बाष्पाचे पट्टेही उष्णता अडवून धरतात.

अकरावीतल्या एका मुलाने हा कागद थेट प्रिन्सिपलांपुढे ठेवला. मॉडेल युनायटेड नेशन्सच्या, म्हणजे मुलांनी देशोदेशींचे प्रतिनिधी होऊन चर्चा करायच्या परिषदेला आमची मुलं दरवर्षी विमानाने जातात आणि त्या वर्षीचा विषय नेमका हवामानबदल होता. तो म्हणाला, "आम्ही तिथे जाऊन जे बोलणार आहोत, ते शाळा स्वतः करणार आहे का?" त्यानंतर खूप वाद झाला. शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. पालकसभेत एक वडील उभे राहून म्हणाले, मुलाला जग दिसावं म्हणूनच आम्ही ही शाळा निवडली. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसऱ्या देशातल्या मुलाशी रात्रभर गप्पा मारल्यावर एखाद्याच्या डोक्यातले कित्येक पूर्वग्रह गळून पडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरीही मी त्या अकरावीतल्या मुलाच्या बाजूने बोलले. आमच्या एकेका वर्गात कितीतरी देशांची मुलं बसतात. जग तिथेच बाकावर आहे आणि ते बघायला आपण विमानात बसतो.

शेवटी ठरलं ते असं. रात्रीच्या रेल्वेने पोहोचता येईल तिथे विमान घ्यायचं नाही. शिक्षकांचं प्रशिक्षण शक्यतो ऑनलाइन घ्यायचं. लांबची सहल करायचीच असेल, तर कमी वेळा आणि जास्त दिवसांची करायची, आणि तिथे जाऊन काय शिकायचं ते आधी लेखी द्यायचं. विमानाच्या धुराची भरपाई म्हणून झाडं लावून मोकळं व्हायचं, ही सूचनाही आली होती. तिला मी विरोध केला. धूर आज निघतो, झाडाला तेवढा कार्बन ओढायला कित्येक वर्षं लागतात आणि मध्येच ते तोडलं किंवा जळलं तर सगळा हिशेब वाऱ्यावर. झाडं लावायची ती झाडांसाठी लावू, तिकिटाच्या बदल्यात नको. शाळेने हे मान्य केलं. दोन स्पर्धांमधून आमचा संघ बाहेर पडला, काही पालक नाराज आहेत आणि शाळेच्या मंडळाने तो वाईटपणा स्वतःवर घेतला. बाबा, म्हणून मी म्हणते की मनापासून चाललंय.

शाळांसाठी इको-स्कूल्स नावाचा एक कार्यक्रम आहे. १९९४ मध्ये युरोपात सुरू झाला आणि आता कितीतरी देशांत चालतो. निकष पुरे केले की हिरवा झेंडा मिळतो. आम्हीही त्या वाटेवर आहोत. झेंड्याचं मला फारसं अप्रूप नाही, पण त्या कार्यक्रमाची पहिली पायरी मुलांचा सहभाग असलेली समिती ही आहे आणि दुसरी शाळेची तपासणी, म्हणून मला तो आवडतो. झेंडा एकदा मिळाला की कायमचा राहत नाही, ठरावीक मुदतीने पुन्हा मिळवावा लागतो, हेही चांगलं.

आई, आता तुझं. तुझी काळजी खोटी नाही. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ५९ टक्के जणांनी हवामानबदलाची खूप किंवा अतिशय चिंता वाटते असं सांगितलं. म्हणजे भीती आम्ही शाळेत आणतो असं नाही, ती मुलांबरोबर दप्तरातून येतेच. आमच्या हातात एवढंच आहे की तिच्याबरोबर मुलांना एकटं सोडायचं नाही.

लहान वर्गांत आम्ही संकट हा शब्दही काढत नाही. ती मुलं वर्षभर आवारातल्या एकाच झाडाकडे जातात, त्याची पानं, त्यावरचे किडे, त्याची सावली किती सरकली, हे टिपत राहतात. आधी ओळख व्हावी, माया जडावी, मग काळजी घ्यायला सांगावं लागत नाही. मोठ्या वर्गांत मात्र काही लपवत नाही. १९५८ पासून हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा तो दहा लाखांत साधारण ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. मुलं स्वतः ते आकडे मांडतात. उत्तर गोलार्धातली झाडं वाढीच्या दिवसांत कार्बन ओढून घेतात तेव्हा रेघ थोडी उतरते, पानगळीनंतर चढते, आणि दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा वरच संपते.

मागे एका मुलीने तो आलेख पूर्ण करून पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "मग आपल्या कूलरने काय होणार?" वर्ग माझ्याकडे बघत होता. मी तिला ओझोनची हकीकत सांगितली. फ्रीज आणि स्प्रेच्या डब्यांमधल्या वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होतोय हे कळलं, १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला आणि पुढे जगातल्या सगळ्या देशांनी त्यावर सह्या केल्या. ते वायू जवळजवळ बंद झाले. अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ते काम सोपं होतं आणि कार्बनचं तितकं सोपं नाही, हेही मी तिला सांगितलं, कारण मुलांना खोटा धीर दिला तर ती ओळखतात. आणि कूलरबद्दल म्हणाले, कूलरने हवा बदलणार नाही, पण ज्या दिवशी तू कारखाना, महापालिका किंवा सरकार चालवशील, त्या दिवशी पहाटे तीनची रेघ बघायची सवय तुला असेल. तिने पेन्सिल उचलून आलेखाला शीर्षक दिलं. ती आता समितीची सचिव आहे.

आई, घाबरलेल्या मुलाला हाताला काम मिळालं की त्याची भीती पूर्ण जात नाही, पण त्याला झोप लागते. हे तू मला लहानपणी कितीदा करून दाखवलंस, ते मला आता वर्गात आठवतं.

हे सगळं लिहिल्यावर स्वतःबद्दल एक सांगायलाच हवं. शाळेला जे मागितलं, ते मलाही लागू आहे. दर सुट्टीला विमानाने धावतपळत यायचं, दोन दिवस राहून परत फिरायचं, हे थांबवावं असं मनात आहे. त्याऐवजी मोठ्या सुट्टीत एकदाच यायचं आणि चांगलं महिनाभर राहायचं. शाळेने सुट्टीनंतरचे काही दिवस घरून काम करायची परवानगी दिली आहे. पण हा निर्णय मी एकटीने घेणार नाही, कारण मधल्या महिन्यांत वाट बघायची ती तुम्हाला. तुम्हाला जड जाणार असेल तर स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही. आणि तब्येतीचं काही असलं, कितीही लहान, तर पहिल्या मिळेल त्या विमानाने मी निघेन, त्यात कसलाही हिशेब नाही.

आईची डोळ्यांची तपासणी आणि बाबांच्या वाचक मंडळाची वार्षिक बैठक नेमकी कधी आहे ते कळवा. त्या दोन्ही वेळी मी तिथे असेन अशा बेताने तारखा ठरवते.

तुमची,
लेक